शिल्लक वजन

देवळाली कॅम्पातून पहाटे चारची रिक्षा,
द्वारकेवर ती बदलली. ओझरच्या फाटकाशी पोचलो
तेव्हा जुई माझ्या खांद्यावर लाळ गाळत झोपलेली.
शिपायाने कार्ड उलटंसुलटं पाहिलं.
फोटोतली मी जाड आहे, असं म्हणाला नाही,
पण पाहिलं तसंच.

यादीत आमचं नाव चौथं.
"गंगूरडे," कॉर्पोरलने वाचलं.
बारा वर्षांत या आडनावाची इतकी रूपं ऐकलीत
की कुठल्याही ग-ला मी उठून उभी राहते.

चंदिगडचं कुरिअर. तिकीट नाही, पैसे नाहीत.
"जागा उरली तर" एवढं फळ्यावर सगळ्यात वर,
इतक्या जुन्या खडूने
की पुसलं तरी दिसतं.

आधी वजन.
मालधक्क्यावर असतो तसला काटा, लोखंडी पाट,
थंडीत चपलेतूनही चटका देणारा.
मी चोपन्न. बॅगेसकट एकाहत्तर.
जुई सोळा, तेही बूट घालून.
सार्जंट तोमर आधी आकडे लिहितो,
नावं मागाहून.

बॅगेत लोकरीचा हातमोजा, डाव्या हाताचा एकच.
उजव्याची तीन बोटं डॉक्टरांनी अजून गुंडाळून ठेवलीत,
वर बर्फात काळी पडलेली.
पिंपळगावचे मनुके.
आणि स्टीलच्या डब्यात मेथीचे लाडू.

सात वाजता एक पेटी आली,
कुठल्याशा इंजिनाचा भाग, चौघांनी उचललेली.
तोमरने पेन्सिलीने वजाबाकी केली, हातचा घेतला,
खालची तीन नावं गेली.
आम्ही काठावर राहिलो.

साडेसातला एक गनर पळत आला.
अनूप कटोच. मिसरूडही धड नाही.
वडील रात्री गेले, गाव हमीरपूरच्या वर कुठेतरी.
त्याचं नाव यादीत नव्हतंच.
तो पाटावर उभा राहिला आणि काटा हलतच राहिला.
तोमर थांबला, मग वाचलं: एकसष्ठ.

मला कुणी विचारलं नाही.
विचारायची गरज नव्हती.
पण विचारायला हवं होतं, एवढं खरं.
मग मीच म्हटलं, याला जाऊ दे,
जे आधीच ठरलं होतं ते.

डबा पुढे केला आणि हात मध्येच थांबला.
सुतकातल्या पोराच्या हाती लाडू?
आईने माझ्या कानाखाली दिली असती.
तो म्हणाला, "दे दो भाभी. खाना थोड़े ही है, ले जाना है."
आपल्या पिशवीतून जर्सीचा आणि कसल्याशा वह्यांचा गठ्ठा काढला,
खुर्चीवर ठेवला.
दोन किलोला दोन किलो.
तोमर तोंड फिरवून आभाळ बघत होता.

पंखे फिरले. कुंपणापलीकडच्या द्राक्षबागेवरचं
प्लास्टिक फडफडलं. धूळ बसेपर्यंत
विमान चांदवडच्या डोंगरांकडे कललेलं.
रिकाम्या काट्यावर जुई उड्या मारत होती,
सोळा, शून्य, सोळा, शून्य.
फळ्यावर कुणीतरी लिहिलं: मंगळवार.
वरचं वाक्य तसंच राहू दिलं.

जर्सी मी एसटीत तिच्या पायांवर पांघरली.
वह्या उघडल्या नाहीत.

रात्री फोन.
"पोरगं हॉस्पिटलच्या फाटकाशी आलं.
चहासुद्धा घेतला नाही, बस गाठायची होती.
डबा बुटाच्या नाडीने बांधलेला."
हात कसाय?
"आहे जागेवर."
मग बराच वेळ काही नाही,
नुसता झाकणाचा आवाज.
डाव्या हाताने मोजत असणार.

"एकवीस," तो म्हणाला.
मी एकवीसच भरले होते.